मराठी अक्षरांसाठी एक जुना डेस्कटॉप

डीटीपी करणाऱ्याने कामाच्या मशीनवर प्रयोग करायचे नाहीत, हा नियम मी पहिल्यापासून पाळते. दिवाळी अंकांच्या हंगामात तर माझ्याकडे नवा फॉन्टसुद्धा चढत नाही. त्यामुळे लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, वापरून बघायचं मनात आलं तेव्हा चालू हार्ड डिस्कचे भाग पाडून एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स ठेवायचं, हा सगळे देतात तो सल्ला मी विचारातच घेतला नाही. मशीन वेगळंच हवं होतं. आणि जमेल की नाही हेच अजून बघायचं असताना त्यात पन्नास हजार घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून जुनं.

पण आधी लिनक्स कशाला, ते सांगते.

मी डोंबिवलीत घरूनच अक्षरजुळणी आणि मांडणीची कामं करते. कवितासंग्रह, स्मरणिका, लग्नपत्रिका, कधी एखादा शोधप्रबंध. सुरुवात पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामवर केली आणि बरीच वर्षं तेच चाललं. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर नवी आलीच नाही. त्या काळातले आमचे मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलमध्ये असायचं कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट त्यावर देवनागरीचं रूप चढवायचा. छापून येईपर्यंत काहीच अडत नाही. अडतं ते पुढे. लेखक दहा वर्षांनी येतात, म्हणतात, ताई, दुसरी आवृत्ती काढायचीय, शिवाय ई-बुकही करायचंय, ती फाइल द्या ना. फाइल असते, पण त्यांच्या कंप्युटरवर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. त्या मजकुरात एखादं नाव शोधायचं म्हटलं तरी शोधता येत नाही. आणि तो फॉन्ट वापरायला यूएसबीत डोंगल, म्हणजे त्या पॅकेजची किल्ली, लावलेली लागते. डोंगल बिघडली की आपण स्वतः टाइप केलेला मजकूर आपल्यालाच परका.

माझ्याकडे अशी कपाटभर सीडी आणि दोन हार्ड डिस्क भरून पुस्तकं आहेत. त्यातले काही लेखक आता हयात नाहीत. काही छोट्या प्रकाशनांनी तर गाशाच गुंडाळलाय. म्हणजे त्या मजकुराची एकमेव डिजिटल प्रत माझ्याकडे असण्याची शक्यता खूप. ही गोष्ट मला गेली काही वर्षं सारखी टोचत होती.

युनिकोडचं काम विंडोजवरही उत्तम होतं, यात वादच नाही. पण जुन्या फॉन्टची पॅकेजं हाताशी असली की घाईच्या वेळी हात तिकडेच जातो. संध्याकाळी सहाला फोन येतो, उद्या सकाळी प्लेट काढायचीय, आणि आपण पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये आणखी सोळा पानं लावून मोकळे होतो. मला एक असं टेबल हवं होतं जिथे मराठी फक्त युनिकोडमध्येच लिहिता येईल, दुसरी वाटच नसेल. लिनक्सवर ती जुनी पॅकेजं चालत नाहीत. बाकीच्यांना ही उणीव वाटते, मला तीच हवी होती.

आता मशीनकडे वळते. सध्या जुने डेस्कटॉप घ्यायला वेळ चांगली आहे, आणि त्याला कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. कंपन्यांकडे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन ढिगाने होती, ती बाजारात आली आहेत. ही मशीन बाद झाली ती कागदावर. चालायला ती ठणठणीत असतात. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराला दोन जीबी रॅमही पुरते, चार असली तर आरामात चालतं. ज्या मशीनला एक दार बंद झालं, त्याला दुसरीकडे काही अडचणच नाही. ऑफिसच्या मशीनचा आणखी एक फायदा म्हणजे ती एसीत, यूपीएसवर, एकाच जागी वापरलेली असतात. घरच्या गेमिंग कंप्युटरइतकी ती तापलेली नसतात.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि पूर्वेकडून लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कंप्युटरवाले सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. पर्समध्ये दोन गोष्टी होत्या: लिनक्स मिंट टाकलेला पेन ड्राइव्ह आणि काय काय तपासायचं त्याची चिठ्ठी. पहिल्या दुकानात पेन ड्राइव्ह लावू देईनात. मी लगेच बाहेर पडले. जुनं मशीन चालू करून बघू देत नाहीत तिथे पैसे द्यायचे नाहीत.

दुसऱ्या दुकानात एक तरुण मुलगा होता, मराठी. त्याने डेल ऑप्टिप्लेक्स ७०४० काढून दाखवला. आडवा ठेवता येईल असा छोटा डबा, आत आय-५ ६५०० प्रोसेसर, आठ जीबी डीडीआर-४ रॅम, २५६ जीबीची एसएसडी. हा प्रोसेसर २०१५ चा, चार कोरचा. विंडोज १० सुद्धा त्याच वर्षी आलेलं.

“काकू, विंडोज टाकून देतो, फोटोशॉप पण टाकतो,” तो म्हणाला.

“विंडोज नको. मला फक्त हा पेन ड्राइव्ह लावू दे.”

“लिनक्स टाकणार तुम्ही?” त्याने स्टूल पुढे केलं आणि स्वतः मागे उभा राहून बघायला लागला.

सर्वांत आधी मी एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले. ऑफिसमधून आलेल्या मशीनला कधी कधी बायोसचा पासवर्ड तसाच राहून गेलेला असतो. तो असला की पेन ड्राइव्हवरून चालू करायलाही अडचण, सेटिंग बदलायलाही. हे दुकानातच बघायचं, घरी नेऊन नाही. पासवर्ड नव्हता. डब्यावरचा सर्व्हिस टॅग, म्हणजे मशीनचा ओळखक्रमांक, कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कधी निघालं ते कळतं. दुकानदार म्हणेल त्यावर विसंबायला लागत नाही. मग एफ-१२ दाबून पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. डिस्कवर काहीही न टाकता लिनक्स असं पेन ड्राइव्हवरून पूर्ण चालवून बघता येतं, आणि जुन्या मशीनची तपासणी करायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम आधीच असतो. त्यात एसएसडीचा स्मार्ट अहवाल उघडला की ती किती तास चालली आहे आणि तिचे किती तुकडे बाद झालेत ते दिसतं. ही अठरा हजार तासांच्या आसपास चाललेली होती, बाद सेक्टर शून्य. मागचे-पुढचे सगळे यूएसबी, हेडफोनचं भोक, नेटवर्कची केबल, एकेक करून लावून पाहिलं.

शेवटी माझी खरी परीक्षा. कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडला, मजकूर लिहायची खिडकी उघडली आणि टाइप केलं: ‘दुसऱ्या दिवशी वाऱ्याने कुऱ्हाड पडली’. तिन्ही ऱ्य-ऱ्ह जिथल्या तिथे, वळणदार. इंटरनेट नाही, काही डाउनलोड नाही, पैसे नाहीत. मी तर हरखलेच. मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, “हे असं लगेच येतं? आमच्याकडे मराठी फॉन्टसाठी लोक वेगळे पैसे देतात.” त्यालाही मग दोन ओळी टाइप करून दाखवल्या.

अकरा हजार सांगितले होते, साडेनऊला ठरलं. पक्कं बिल घेतलं, त्यावर सर्व्हिस टॅग लिहून घेतला आणि महिन्याची वॉरंटीही लिहून घेतली. रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत इतके चढलेत की आठ जीबी आतच आहे हे महत्त्वाचं होतं. या मशीनला व्हीजीएचं भोक नाही, डिस्प्ले पोर्ट आणि एचडीएमआय आहे. माझा मॉनिटर जुना, व्हीजीएचा, म्हणून एक कन्व्हर्टर तिथेच घेतला. अशा छोट्या डब्यात पॉवर सप्लाय त्याच्याच मापाचा लागतो, बाजारातला साधा बसत नाही. मी दुकानातून निघायच्या आधी तो सुटा मिळतो का ते विचारून घेतलं. मिळतो. सगळं मिळून पाचेक किलोचं ओझं, दुपारच्या गाडीला बायकांच्या डब्यात आरामात आलं.

घरी आल्यावर झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदलला. मिंट टाकणं हा यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग. चहा होईपर्यंत झालं. भाषा मराठी निवडली आणि कॅप्स लॉकच्या बटणाला मराठी-इंग्रजी बदलायचं काम दिलं. मराठी लिहिणाऱ्याला कॅप्स लॉकचा दुसरा काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

इनस्क्रिप्टबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण आमच्या धंद्यात बहुतेकांचे हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेले आहेत आणि ते बदलायची भीती वाटते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र, आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ऱ. ‘दुसऱ्या’ लिहिताना हाच शिफ्टवाला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. साधा र घेऊन अदृश्य जोडचिन्ह घालूनही तसंच दिसणारं अक्षर येतं, पण आतला संकेत वेगळा. मग पुस्तकात ‘दुसऱ्या’ शोधलं की अर्धे सापडतात, अर्धे नाहीत. सूची करणाऱ्याला हे फार महागात पडतं. एका पुस्तकात एकच पद्धत ठेवायची आणि ती ऱ ची ठेवायची.

आता मुख्य काम. जुनी पेजमेकरची फाइल लिबर ऑफिस या फुकट पॅकेजमधल्या ड्रॉ या प्रोग्राममध्ये उघडते. हे मला खरंच वाटलं नव्हतं, पण उघडते: २०१५ पासून त्यात पेजमेकर वाचायची सोय आहे. मांडणी थोडी हलते, मजकूर मात्र सगळा येतो. अर्थात रोमन कचऱ्याच्या रूपात. तो लिबर ऑफिसच्याच रायटर या लिहायच्या प्रोग्राममध्ये आणायचा आणि एकेका संकेताच्या जागी खरं देवनागरी अक्षर बसवायचं. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, म्हणून मी माझ्या नेहमीच्या फॉन्टचा तक्ता स्वतः बनवला. लांब जोडाक्षरं आधी बदलायची, सुटी अक्षरं नंतर, नाहीतर ‘क्ष’चे तुकडे होतात.

खरी मजा पहिल्या वेलांटीत आणि रफारात आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘स्थिती’ जुन्या फाइलमध्ये वेलांटी, अर्धा स, थ, त, दुसरी वेलांटी अशी साठवलेली. नुसती अक्षरं बदलली तर वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. म्हणून मी पहिल्या वेलांटीच्या जागी आधी @ ठेवते. मग शोधा-बदला मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना देऊन शोधायची सोय, चालू करून शोधायचं हे:

@((?:[क-ह]्)*[क-ह])

आणि त्या जागी घालायचं $१ि, फक्त तो एकचा आकडा इंग्रजी कळीवरचा. याचा अर्थ, @ च्या पुढे जितकी पाय मोडलेली व्यंजनं असतील ती आणि एक पूर्ण व्यंजन उचल, त्यांच्या मागे वेलांटी लाव. एका दमात दोनशे पानांतल्या सगळ्या वेलांट्या आपापल्या जागी. @ वापरण्याचं कारण हे की चुकून तीच आज्ञा पुन्हा दिली तरी काही बिघडत नाही. @ उरलेलेच नसतात. रफाराचं उलटं. जुन्या फाइलमध्ये तो अक्षरानंतर, मात्रेच्याही नंतर येतो, आणि युनिकोडमध्ये पाय मोडलेला र म्हणून अक्षराच्या आधी जायला हवा. त्याला मी # देते आणि वेलांट्या जागेवर बसल्यावरच हात लावते. ‘निर्मिती’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र असतात, तिथे हा क्रम पाळला की बरोबर येतं.

त्यानंतरही प्रूफ वाचावंच लागतं. जुन्या काळी एखादा अनुस्वार नीट दिसला नाही तर त्याच जागी दुसरा मारायचे. छापताना एकावर एक बसून तो एकच दिसे. युनिकोडमध्ये आणल्यावरही असं दुबार चिन्ह मजकुरात तसंच राहतं, ते शोधून काढावं लागतं. एका कवींचा संग्रह मी अशा रीतीने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत युनिकोडमध्ये आणला. त्यांच्या मुलीला फाइल पाठवली, तिने फोनवर उघडली आणि वडिलांच्या कवितेतला एक शब्द शोधून मला स्क्रीनशॉट पाठवला. कुठलंही पॅकेज, कुठलीही डोंगल नसताना. तो स्क्रीनशॉट मी अजून ठेवलाय.

मांडणीसाठी स्क्रायबस घेतलं. त्याची जुनी १.४ आवृत्ती देवनागरीसाठी निरुपयोगी होती, जोडाक्षरं जुळतच नसत. ओमानमधल्या मंडळींनी अरबी लिपी नीट उमटावी म्हणून स्क्रायबसच्या मजकूर मांडण्याच्या भागावर काम केलं, आणि त्याच कामामुळे आपली देवनागरीही सुधारली. १ जानेवारी २०२४ ला १.६ आली त्यात हे सगळं स्थिर स्वरूपात आहे. अरबीसाठी केलेल्या कष्टांचं फळ डोंबिवलीत बसून मला मिळतं, याबद्दल मला त्या माणसांविषयी फार आपुलकी वाटते.

फॉन्ट टायरो देवनागरी मराठी. फुकट आहे आणि मुद्दाम मराठीसाठी वेगळा काढलेला आहे, त्यामुळे पाकळीचा ल आणि आपल्या वळणाचा श मिळतो. हिंदी वळणाचा दंडाचा ल मराठी कवितेत बघितला की माझी नजर अडखळते. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात तिथे मजकुराची भाषा ‘मराठी’ नेमून द्यायला विसरू नये, रूप त्यावरून ठरतं.

डेमी आकाराचे चार फर्मे, म्हणजे चौसष्ट पानं, स्क्रायबसमध्ये लावली आणि पीडीएफ-एक्स, म्हणजे छपाईसाठीची पीडीएफ, करून प्रेसला पाठवली. स्क्रायबस मजकुराचा काळा रंग खरा एकट्या काळ्या शाईचा ठेवतं. आरजीबीतून, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतून, आलेला काळा चार रंगांत फुटला आणि प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांभोवती रंगीत झालर दिसते. रंगीत चित्रं असलेल्या पुस्तकात हे सांभाळावंच लागतं. प्रेसने एवढंच विचारलं की फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड आहेत ना. आहेत म्हटलं. छापून आलं.

सगळं इकडे आलेलं नाही. स्क्रायबसला तळटिपा नीट येत नाहीत, आणि तीनशे पानांचा सलग मजकूर एकमेकांना जोडलेल्या चौकटींत ओतला की ते रेंगाळतं. म्हणून प्रबंध मी लिबर ऑफिस रायटरमध्येच पूर्ण करते. तो एकरंगी छापायचा असल्याने काळ्याचा प्रश्न येत नाही. लग्नपत्रिका कोरेल या चित्रांच्या प्रोग्राममध्ये, आधीच्या विंडोजच्या मशीनवर. लिनक्सवरचं इंकस्केप कोरेलच्या फाइली उघडतं, पण वर्षानुवर्षं साठवलेल्या बॉर्डर आणि गणपती त्यातून जसेच्या तसे येत नाहीत, आणि लग्नाच्या घरातली माणसं थांबायला तयार नसतात. त्या विंडोजच्या मशीनचं इंटरनेट मी काढून टाकलंय. त्यावर आता कोरेल आणि डोंगल, बस.

नवी पुस्तकं मात्र सगळी ऑप्टिप्लेक्सवर. जुन्या सीडींपैकी ज्या वाचता येतात त्या आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेते आहे, कारण काहींवर बुरशीचे डाग दिसायला लागलेत. माझ्या फॉन्टचा तक्ता तयार आहे. दुसऱ्या एका जुन्या फॉन्टचा, ज्यात रफार आणि दुसरी वेलांटी मिळून एकच चिन्ह आहे, तो सध्या करतेय. त्या फॉन्टमध्ये लावलेल्या दोन कादंबऱ्या आणि एक गावचा इतिहास रांगेत आहे. इतिहासापासून सुरुवात करणार, त्याची छापील प्रतही आता मिळत नाही.